पगाराचं लॅटिन आजोळ

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला कापूस विकला की शेतकऱ्याच्या हाती पडतो तो चुकारा. दुसऱ्याच्या वावरात राबलं की मिळते ती मजुरी. आणि शाळेत, बँकेत किंवा गिरणीत नोकरी असेल तर महिन्याला होतो तो पगार. यातला पगार फार लांबून आला आहे. वर्धा मुंबईपासून रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर आत. इथे पोर्तुगीजांचं राज्य कधीच नव्हतं. शब्द मात्र पोर्तुगीजच. गोवा १५१० पासून आणि वसई १५३४ ते १७३९ त्यांच्या ताब्यात होती. किनाऱ्यावरच्या त्या सहवासातून तो आपल्याकडे आला. गोव्यातल्या आसगावात जन्मलेले भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यात पगारही नोंदवलेला आहे.

पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद आहे, पैसे देणं या अर्थाचं. मराठीने त्याचं नाम केलं, त्याला पुल्लिंग दिलं आणि पगारी, पगारवाढ, बिनपगारी असा गोतावळाही जमवला.

या क्रियापदाचं मूळ लॅटिन ‘पाकारे’. अर्थ, शांत करणं. शांततेला लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणत, त्यावरून ते झालं. ही शांतता नेहमी सौम्य नसे: सीझरच्या युद्धवृत्तान्तात गॉल देश ‘शांत’ होतो तो तलवारीने. पुढच्या शतकांत क्रियापद बाजारात उतरलं आणि शांत करायचा तो माणूस बदलला. आता तो होता पैशासाठी दारात उभा राहिलेला सावकार. स्पॅनिश ‘पगार’, इटालियन ‘पगारे’, फ्रेंच ‘पेये’ ही सगळी त्याचीच लेकरं. इटालियनमध्ये तृप्त माणसाला आजही ‘पागो’ म्हणतात; जुना अर्थ तिथे टिकून आहे.

‘क’चा ‘ग’ का झाला? स्वर उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘क’साठी ते क्षणभर थांबवावे लागतात. बोलण्याच्या ओघात ते थांबणं सुटलं की ‘ग’ ऐकू येतो. आपल्याकडे ‘सकल’चं ‘सगळं’ झालं ते असंच. फ्रेंच आणखी पुढे गेली, तिने ‘ग’ विरघळवून ‘य’ केला. प्राकृतातही ‘नगर’चं ‘नयर’ झालं. संगमनेर, अमळनेर यांतला ‘नेर’ त्याचाच अवशेष मानतात. हे बदल एकमेकांच्या प्रभावाशिवाय झाले, तरी जीभ दोन्हीकडे एकाच वाटेने गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अर्थाच्या वाटाही अशाच जुळतात. चुकारा मिळाला की शेतकरी आधी कृषी केंद्राची उधारी भागवतो. तहानही आपण भागवतोच! देणं म्हणजे कुणाची तरी तहान, ती शमवायची, हा ‘पाकारे’चाच विचार मराठीने स्वतंत्रपणे केला. मग सोसायटीचं कर्ज फेडायचं. फेडणं म्हणजे मुळात सोडणं, उकलणं. वस्त्र फेडणं आपण म्हणतो ते त्याच अर्थाने. लॅटिनमध्येही पैसे चुकते करण्यासाठी दुसरं क्रियापद होतं, ‘सोल्वेरे’. त्याचा पहिला अर्थ गाठ सैल करणं असा आहे. उलट ‘पाक्स’ ज्या धातूतून आला त्याचा अर्थ घट्ट बसवणं, बांधणं. संस्कृत ‘पाश’ही त्याच कुळातला समजला जातो.