पन्नाशीतला थकवा आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा

जिना चढताना दम लागायला लागला, दुपारी डोळे मिटू लागले, की हल्ली हेल्थ चेकअपच्या पॅकेजात टेस्टोस्टेरॉनही तपासून घेतलं जातं. रिपोर्टात ठळक टाइपात २७०, शेजारी ‘लो’. मग ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ म्हणायला कुणीतरी तयारच असतं. ही उपमाच फसवी आहे. बाईची पाळी जाते तेव्हा बीजकोशांचं काम थोड्या वर्षांतच आटोपतं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन मात्र तिशी-चाळिशीपासून वर्षाला जेमतेम एक टक्का उतरतं. युरोपातल्या आठ केंद्रांवर ४० ते ७९ वयाच्या ३,३६९ पुरुषांची पाहणी झाली. २०१० साली आलेले तिचे निष्कर्ष बोलके आहेत: कामेच्छा घटणं, पहाटेचा ताठरपणा जाणं आणि संबंधांच्या वेळी तो न टिकणं, ही तिन्ही लक्षणं आणि जोडीला कमी पातळी असे पुरुष निघाले अवघे २.१ टक्के. नुसता थकवा टेस्टोस्टेरॉनच्या कमतरतेची खूण म्हणून फार कच्चा.

त्या २७० बद्दल पहिला प्रश्न विचारावा तो रक्त किती वाजता दिलं हा. पातळी सकाळी सर्वांत जास्त असते, दुपारपर्यंत घसरते. जेवण, ताप, जागरण यांनीही खाली येते. म्हणून सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासायचं. दोन्ही वेळा कमी आलं तर एलएच आणि प्रोलॅक्टिन ही पिट्युटरीची हार्मोनं पाहायची, म्हणजे बिघाड वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, हे कळतं. पुष्कळदा मूळ सुटलेल्या पोटात, मधुमेहात किंवा रात्रीच्या घोरण्यात, म्हणजे स्लीप ॲप्नियात सापडतं. वजन उतरलं की औषधाविना आकडा चढतो.

यावर आक्षेप ठरलेला: बी-१२ कमी असलं तर देतोच ना, मग हे भरून काढायला काय हरकत? १८८९ साली बहात्तरीतल्या ब्राऊन-सेकार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या वृषणांचा अर्क टोचून घेऊन तरुण झाल्याचं जाहीर केलं, तेव्हापासूनची ही आशा. पण अमेरिकेत पासष्टीपुढच्या, पातळी खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा नकली जेल दिलं, तेव्हा कामेच्छा बऱ्यापैकी सुधारली, थकव्यात मात्र ठोस फरक पडला नाही. औषध हृदयाला विषच, हा उलटा समजही टिकत नाही. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या २०२३ च्या चाचणीत हार्ट अटॅक आणि पक्षाघात वाढले नाहीत. अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या मात्र थोड्या जास्त दिसल्या. म्हणजे ज्याला खरा आजार आहे त्याने भिऊन औषध टाळू नये. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) ठरलेल्या वेळी तपासत राहावं, हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांपुढे गेलं तर डोस थांबवावा लागतो. आणि ज्याला अजून मूल हवंय त्याने तर हे आधी डॉक्टरांना सांगावं, कारण बाहेरून हार्मोन आलं की पिट्युटरी हात आखडते आणि शुक्राणू बनणं जवळपास बंद पडू शकतं.