तारा निघाल्यानंतर

जळकोटसारख्या गावातून दातांना तारा लावून घ्यायच्या म्हणजे दीड-दोन वर्षांचं येणं-जाणं मागे लागतं. महामार्गावर एसटी धरायची, नळदुर्ग मागे टाकून सोलापूर गाठायचं, नाहीतर उलट्या दिशेनं उमरग्याकडे निघायचं. बीडीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं दात सरळ करण्याचंच शिक्षण घेतलेले डॉक्टर लहान गावांतल्या दवाखान्यांत बहुधा ठरावीक वारीच येतात. तो वार हुकला की पुढची तारीख. मुलीची शाळा बुडते, बापाचा एक रोज बुडतो. एवढं करून तारा निघतात, आरशात दात एका ओळीत दिसतात आणि डॉक्टर हातात एक प्लेट ठेवतात. तिचं नाव रिटेनर. घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ती कपाटात जाते, आणि दोन वर्षांची सगळी मेहनत तिथंच पाझरायला लागते. प्लेट म्हणजे उपचार संपल्यावर मिळालेली जादाची वस्तू, असं घरोघरी समजलं जातं. ती उपचाराचाच दुसरा भाग आहे, हे कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं.

‘तारा काढल्या, आता दात पक्के झाले.’

दात हाडात खिळ्यासारखा ठोकून बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटरचा मऊ थर असतो, आणि त्यातल्या बारीक तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. तार हळूहळू दाब देते तेव्हा एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. तार निघाली त्या दिवशी हे नवं हाड अजून कोवळंच असतं. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागेला रुळायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले तंतू त्याहून चिवट. नॉर्वेच्या कोरे रायटान यांनी कुत्र्यांचे दात फिरवून, तसेच धरून ठेवून तपासले होते. 1959 साली त्यांनी दाखवून दिलं, की 232 दिवस दात जागेवर धरून ठेवल्यावरही हिरडीचे तंतू ताणलेलेच होते. माणसाच्या तोंडात हा ताण वर्षभर किंवा त्याहूनही जास्त राहतो. म्हणून जो दात मुळात वाकडा फिरलेला होता, किंवा पुढच्या ज्या दोन दातांत फट होती, तेच सगळ्यात आधी माघारी जातात. हे सरकणं दुखत नाही. एका आठवड्यात दिसतही नाही. लक्षात येतं तेव्हा तारा पुन्हा लावण्याची वेळ आलेली असते.

‘सहा महिने घातली की बास.’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून तारा लावलेल्या 65 जणांचे दात, रिटेनर बंद झाल्यावर किमान 10 वर्षांनी पुन्हा मोजले. 1981 साली निष्कर्ष छापून आला: खालचे पुढचे दात नीट राहिलेले 30 टक्क्यांहूनही कमी. 20 वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्यांत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास उतरलं. उपचार तर तज्ज्ञांच्या हातचेच होते. म्हणजे ‘दात काढून जागा केली, आता कशाला दाटी होईल’ या समजुतीलाही फारसा आधार उरत नाही.

याचं एक कारण वय. तारा कधीच न लावलेल्या माणसाचेही खालचे पुढचे दात विशी-तिशीनंतर हळूहळू दाटीवाटीनं बसू लागतात, कारण जबड्याची कमान वयाबरोबर थोडी आवळत जाते. चाळिशीतल्या कुणाचाही खालचा जबडा निरखून पाहा. म्हणून आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात, की सुरुवातीला डॉक्टर म्हणतील तितके तास, मग रोज रात्री, आणि ही रात्रीची सवय जोवर दात सरळ हवेत तोवर. ऐकायला हे जड वाटतं, पण झोपताना एक प्लेट घालणं दोन वर्षं एसटीनं हेलपाटे घालण्यापेक्षा फार सोपं आहे.

आपल्याकडे याला एक वेगळी किनार आहे आणि ती मला फार खुपते. मुलीचं लग्न जमलं की घाई करून तारा काढून घेतात. कधी उपचार अर्धवट असतो, कधी पूर्ण झालेला असतो, पण प्लेट मात्र माहेरच्या कपाटातच राहते. सासरी रात्री तोंडात काहीतरी घालून झोपायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हा संकोच. तिथं कुणी समजावून सांगणारं नसतं आणि विचारायची सोयही नसते. ज्या आईनं सोलापूरच्या खेपा केल्या, तिनंच जावयाशी आणि विहीणबाईंशी याबद्दल उघडपणे बोलावं. चष्म्याबद्दल बोलताना कुणी लाजत नाही.

‘अक्कलदाढ आली की पुढचे दात ढकलले जातात.’

गावोगावी ऐकू येणारं हे कारण आहे. अक्कलदाढ येण्याचं वय आणि दाटी सुरू होण्याचं वय साधारण एकच, म्हणून जोडी लागली. ब्रिटनमध्ये काही रुग्णांच्या अक्कलदाढा काढून आणि काहींच्या ठेवून तुलना झाली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निष्कर्ष निघाला, की पुढच्या दातांची दाटी टाळण्यासाठी म्हणून अक्कलदाढा काढणं समर्थनीय नाही. दाढ किडली, हिरडी सतत सुजू लागली तर ती काढावीच. पुढचे दात सरळ ठेवण्यासाठी मात्र नको.

‘महागडी पारदर्शक प्लेटच चांगली.’

टाळूवर बसणारी गुलाबी प्लेट आणि पुढच्या दातांवरून जाणारी तार ही रचना चार्ल्स हॉली या अमेरिकन डॉक्टरांची, शंभरेक वर्षांपूर्वीची. दिसायला जुनाट, पण वर्षानुवर्षं टिकते, तार थोडी वाकली तर डॉक्टर नीट करून देतात. पारदर्शक प्लेट दिसत नाही, बोलताना अडत नाही, मात्र ती लवकर झिजते, तडकते, नवी करावी लागते. उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2016 च्या आढाव्यातही एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरवण्याइतका भक्कम पुरावा निघाला नाही. जी तुम्ही रोज घालाल ती चांगली.

‘आतून तार चिकटवली, आता काळजी मिटली.’

दातांच्या मागच्या बाजूला चिकटवलेली बारीक तार विसरता येत नाही म्हणून बरी. पण तिच्याभोवती कीट साचतं आणि हिरडीतून रक्त येऊ लागतं. दातांच्या फटींत जाणारा बारीक ब्रश रोज फिरवावाच लागतो. मिश्री लावण्याची सवय असेल तर हिरडी आधीच मागे हटत असते. आधार ढिला झाला की दात कोणत्याही रिटेनरनं थांबत नाहीत. ऊस पुढच्या दातांनी सोलून खाणंही बंद करायचं. चिकटवलेला एक थेंब निसटला की तो एकच दात मोकळा होतो, बाकीचे धरलेले राहतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून अधूनमधून जिभेनं तार चाचपावी. कुठं हलते असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

‘उकळत्या पाण्यात टाकली की जंतू मरतात.’

जंतूंबरोबर प्लेटचा आकारही जातो. प्लास्टिक गरम पाण्यानं वाकतं, मग ती दातांवर बसत नाही. प्लेट घालून चहाही प्यायचा नाही. उन्हाळ्यात दारात उभ्या केलेल्या गाडीत ती ठेवली तरी हाच प्रकार होऊ शकतो. साधं थंड पाणी, मऊ ब्रश आणि किंचित साबण पुरतो. पेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी बारीक चरे पडतात आणि त्यांत वास धरतो. जेवताना काढलेली प्लेट कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये. लग्नाच्या पंगतीत ती पत्रावळीबरोबर उचलली जाते. डबी जवळ हवी.

आणि प्लेट घट्ट लागली म्हणून ती टाकून देऊ नका. चार रात्री चुकल्यावर ती आवळल्यासारखी वाटली, तर दात सरकायला लागले आहेत एवढाच त्याचा अर्थ. पूर्ण खाली बसत असेल तर काही दिवस दिवसाही घाला, पकड पुन्हा सैल होते. पूर्ण बसतच नसेल तर दाबून बसवू नका. डॉक्टरांना फोन करा, आणि तारा काढतानाच आपल्या दातांचा साचा किंवा स्कॅन जपून ठेवायला त्यांना सांगून ठेवा. दात सरकण्याआधीच प्लेट तुटली किंवा हरवली, तर त्यावरून नवी करता येते आणि नव्यानं माप देण्यासाठीची सोलापूरची एक खेप वाचू शकते.