सिमेंटचा पत्रा आणि त्याची धूळ

बीड जिल्ह्यातील जुनी घरे बहुधा माळवदाची असत. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असे. परंतु छपराचे ओझे फार. ३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा अशाच घरांखाली हजारो माणसे गाडली गेली आणि जड छपराचे भय लोकांच्या मनात बसले. सिमेंटचा करडा, नागमोडी पत्रा हलका, स्वस्त, न गंजणारा व न जळणारा. घरांवर आणि गोठ्यांवर तो आला, यात नवल नाही.

या पत्र्यात सुमारे दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असते. ॲस्बेस्टॉस हे खाणीत सापडणारे खनिज होय. दगडच तो; पण त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ‘न विझणारे’ असा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. पत्रा अखंड आहे तोवर हे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात व त्याखाली राहणाऱ्यास फारसे भय नसते. पत्रा फुटला, करवतीने कापला किंवा त्याला भोक पाडले, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असे तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात शिरून तेथेच रुतून बसतात. त्यांमुळे फुप्फुसे निबर होतात. काहींना कर्करोगही जडतो. रोगाची लक्षणे बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतात. म्हणूनच ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद निदान ४० वर्षे जपावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. अनेक देशांनी ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली आहे. भारतात मात्र असे पत्रे अजूनही विकले जातात.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात मोठी गारपीट झाली. गारांच्या माऱ्याने सिमेंटचा पत्रा फुटतो आणि अंगणात ठिकऱ्या पडतात. अशा वेळी कोरडी केरसुणी फिरवणे सर्वांत वाईट, कारण खाली बसलेली धूळ तीच पुन्हा उडवते. मुलांना व गुरांना आधी दूर न्यावे. मोठ्या माणसांनी तुकड्यांवर हलके पाणी शिंपडून ते ओले असतानाच, आणखी न फोडता, जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधावेत व कोठे टाकावेत हे ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस विचारावे. जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडकेही त्याच गाठोड्यात घालावे. नाकाला साधा रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत.

पत्रा शाबूत असेल तर त्याला न छेडणेच बरे. शेवाळ तारेच्या ब्रशाने खरवडू नये. पत्रा काढावयाचाच झाला, तर तो ओला करून, खिळे व आकडे सोडवून, अखंड खाली उतरवावा. वरून फेकू नये. हल्ली ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही मिळतात, पण नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील भेद कळत नाही. जुना सिमेंटचा पत्रा दिसला, की त्यात ॲस्बेस्टॉस आहे असेच समजून वागावे. आणि पतंग अडकला म्हणून त्यावर चढणे तर मुळीच नको. जुना पत्रा पायाखाली एकाएकी मोडतो.