जलवाहनाच्या कार्बुरेटरची सफाई

उत्तर अमेरिकेंतील सरोवरें हिवाळ्यांत गोठूं लागलीं म्हणजे तेथील हौशी लोक आपलीं छोटीं जलवाहनें काठावर ओढून घेतात आणि पांच-सहा महिने छपराखालीं ठेवून देतात. कोंकणच्या किनाऱ्यावर हेंच काम पावसाळ्याच्या तोंडाशीं करावें लागतें. पुढें हंगाम येतो, कळ दाबली जाते, पण इंजिन धड सुरू होत नाहीं. झालेंच तर खोकतें, अडखळतें आणि वेग वाढवितांच मान टाकतें. "इंजिन गेलें," असें धनी म्हणतो. पुष्कळ वेळां मात्र दोष इंजिनाचा नसून त्याच्या घशाचा असतो. हा घसा म्हणजे कार्बुरेटर होय.

हें वाहन फार जुनें नव्हे. अमेरिकेंतील मोटारसायकलच्या शर्यती खेळणाऱ्या क्लेटन जेकबसन ह्याच्या कल्पनेंतून तें जन्मास आलें. १९६८ सालीं कॅनडांतील बोंबार्डिए कंपनीनें 'सी-डू' आणि १९७३ सालीं जपानच्या कावासाकी कंपनीनें 'जेट स्की' बाजारांत आणली. आजच्या नव्या वाहनांत इंधन दाबानें फवारण्याची योजना असते. परंतु जुन्या टू-स्ट्रोक वाहनांचें आयुष्य अद्यापि कार्बुरेटरावरच अवलंबून आहे.

कार्बुरेटराचें काम हवा व पेट्रोल ह्यांचें योग्य मिश्रण करणें. पेट्रोलाचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात. अरुंद वाटेनें जातांना प्रवाहाची गति वाढते व दाब घटतो; व्हेंचुरी ह्या इटालियन शास्त्रज्ञानें १७९७ सालीं हा विषय मांडला. कार्बुरेटराच्या मध्यावर असाच एक आंवळलेला भाग असतो. तेथें दाब उतरतांच 'जेट' नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल ओढलें जातें व त्याचे तुषार होऊन तें हवेबरोबर आंत जातें.

मोटारसायकलच्या कार्बुरेटरांत पेट्रोलाची वाटी व तिच्यांत तरंगणारा गोळा असतो. लाटांवर उसळणाऱ्या, प्रसंगीं उलटणाऱ्या वाहनांत अशी वाटी निरुपयोगी. म्हणून तेथें रबरासारख्या पातळ पडद्यांची योजना केलेली असते. एक पडदा इंजिनांतील दाबाच्या ठोक्यांवर हलून पेट्रोल खेंचतो. दुसरा सुईच्या आकाराची झडप उघडून हवें तेवढेंच पेट्रोल आंत सोडतो.

वाहन महिनोगणती उभें राहिलें म्हणजे पेट्रोलाचा हलका अंश उडून जातो व मागें डिंकासारखा चिकट थर उरतो. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें. भारतांत हें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा २० पर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. जुन्या नळ्या आंतून झिजल्या तर त्यांचा गाळही वाहत येतो. जेटचें छिद्र इतकें लहान कीं, एवढ्याशा मळानें तें बुजतें.

येथेंच खरा धोका आहे. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण मिळतें तें पेट्रोलाबरोबर मिसळून आलेल्या तेलाचें. जेट अर्धवट बुजला कीं पेट्रोल कमी, म्हणून तेलही कमी. शिवाय मिश्रणांत हवा अधिक झाल्यानें उष्णता वाढते. पूर्ण वेगांत असतां पिस्टन तापून फुगतो व सिलिंडरांत अडकून बसतो. दोन कार्बुरेटरांपैकीं एकच तुंबला असेल, तर एक सिलिंडर नीट चालतो आणि दुसरा निमूटपणें जळतो. ह्या वाहनास सुकाणूही नसतें. मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतानेंच तें वळतें. इंजिन थांबलें म्हणजे वळण्याची शक्तिही गेली. किनाऱ्यापासून दूर, वारा वाढत असतां, ह्याचा अर्थ काय होतो हें सांगणें न लगे.

सफाईस बसण्यापूर्वीं वाहन उघड्या जागीं घ्यावें, बैठक काढून आंत सांचलेली पेट्रोलाची वाफ जाऊं द्यावी, बॅटरी सोडवावी व विस्तव दूर ठेवावा. प्रत्येक नळीवर खूण करावी. मिश्रणाचा प्रत्येक स्क्रू बाहेर काढण्याआधीं तो हलक्या हातानें शेवटपर्यंत आंत फिरवून फेरे मोजावे आणि आंकडा लिहून ठेवावा. पडदे, झडपा व रबरी कडीं प्रथम वेगळीं करावीं. कारण सफाईचें रसायन त्यांना खाऊन टाकतें. मग जेट, लहान गाळणी व आंतील सर्व वाटा रसायनानें धुऊन दाबाच्या हवेनें फुंकाव्या. जेटमध्यें तार मात्र घालूं नये. तारेनें छिद्र किंचितही मोठें झालें, तर मोजमाप कायमचें बिघडतें. जेट उजेडापुढें धरला असतां छिद्र स्वच्छ गोल दिसलें पाहिजे.

ताठरलेले पडदे व झिजलेली सुई पुन्हां घालणें ही खोटी काटकसर होय. नवा संच घालावा आणि कुजलेल्या नळ्याही त्याच वेळीं बदलाव्या. स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर आणावे. कार्बुरेटर दोन असल्यास दोहोंच्या झांपा एकदमच उघडतात कीं नाहीं, हें पाहावें. काठावर परीक्षा घेतांना, पाणी बाहेरून घेऊन थंड होणाऱ्या इंजिनास नळाचें पाणी द्यावें लागतें. त्यांत आधीं इंजिन व मग पाणी, आणि बंद करतांना आधीं पाणी व मग इंजिन, हा क्रम चुकल्यास पाणी सिलिंडरांत शिरण्याचें भय असतें.

हंगाम संपतांच टांकींतील पेट्रोल काढून कार्बुरेटर कोरडा करून ठेवला, तर ह्यांतील बराचसा खटाटोप वांचतो. अर्ध्या तासाची ही दक्षता पुढें इंजिन राखते, आणि प्रसंगीं त्यावर स्वार झालेला माणूसही.