क्रियापदाचा सोबती आणि अनेकांची मालकी

श्रोतेहो, इंग्रजी शिकताना मुले अडतात कोठे, असे कोणत्याही गुरुजींना विचारले, तर ते बहुधा स्पेलिंगचे नाव घेतील. स्पेलिंग अवघड खरेच, पण ते घोकून पाठ करता येते. ज्या जागी घोकंपट्टी हरते, आणि मुलाला येत असलेली मराठीच त्याच्या पायात पाय घालते, अशा दोन जागा आज पाहू. पहिली जागा क्रियापदामागून येणाऱ्या टु, फॉर, ऑन, अ‍ॅट अशा चिमुकल्या शब्दांची. दुसरी, अनेकांची मालकी सांगणाऱ्या नामांची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले. तेव्हा हा प्रश्न आता हायस्कुलापुरता राहिलेला नाही, तो वाडीवरच्या शाळेचाही आहे.

आधी मूळ पाहू. मराठीत नामाचे नाते नामाच्या शेपटाला बांधलेले असते. घर, घराला, घरात, घराहून, घराजवळ. इंग्रजीत नाम जागचे हलत नाही, नाते सांगणारा शब्द त्याच्या पुढे येऊन उभा राहतो. 'इन द हाउस', 'फ्रॉम द हाउस'. इतके मुलाला चार दिवसांत कळते. घोटाळा होतो तो पुढेच. यांपैकी कोणता शब्द घ्यावयाचा, हे पुष्कळ वेळा क्रियापदच ठरवते.

'लुक' हे क्रियापद घ्या. आई मुलाला म्हणते, 'गुरांकडे बघ रे जरा.' गुरांकडे टक लावून उभा राहा, असे काही तिला म्हणावयाचे नसते. गुरे सांभाळ, असे ती सांगत असते. मराठीत दोन्हींना 'कडे बघणे' चालते. इंग्रजीत नुसते पाहणे म्हणजे 'लुक अ‍ॅट', सांभाळणे म्हणजे 'लुक आफ्टर'. हरवलेले वासरू शोधणे झाले 'लुक फॉर', आणि तक्रारीची चौकशी करणे 'लुक इंटु'. क्रियापद एकच, पण सोबती बदलला की अर्थ बदलला.

आता उलट बाजू. मुलगा मराठी प्रत्यय मनात धरून इंग्रजी शब्द शोधतो. 'प्रश्नावर चर्चा' म्हणून तो 'डिस्कस ऑन द क्वेश्चन' लिहितो. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरी विथ हर', आणि 'मुंबईला पोहोचलो' म्हणून 'रीच्ड टु मुंबई'. पण डिस्कस, मॅरी, रीच या तिघांना या अर्थी सोबती लागतच नाही. याउलट आपण 'रेडिओ ऐकतो' असे सरळ म्हणतो, तर इंग्रजीत 'लिसन टु द रेडिओ' म्हणावे लागते. आपण 'पाहुण्यांची वाट पाहतो', इंग्रज 'वेट फॉर' म्हणतो.

असे का, म्हणून मुले विचारतील. सगळ्या क्रियापदांना पुरेल असा नियम नाही, हे त्यांना सरळ सांगावे. मग मराठीकडेच बोट दाखवावे. आपण दादाशी भांडतो, दादावर रागावतो आणि दादाला भितो. दादा तोच, पण 'शी', 'वर', 'ला' हे तीन प्रत्यय तीन क्रियापदांनी मागून घेतले. हे आपल्याला कोणी शिकवले नाही, कानावर पडून पडून आले. इंग्रजी कानावर कमी पडते, म्हणून ते वहीत आणावे लागते. वहीत 'वेट' असा एकटा शब्द कधीच लिहू देऊ नये. 'वेट फॉर' असा जोडीनेच लिहावा, आणि शेजारी एक छोटे वाक्य. 'डिपेंड ऑन', 'बिलाँग टु', 'कंप्लेन अबाउट' हे सारे जोडीने.

आता दुसरी जागा. 'मुलाचे खेळ' आणि 'मुलांचे खेळ', यांत फरक एका टिंबाचा. पण ते टिंब उच्चारात येते, कानाला कळते. इंग्रजीत काय होते पाहा. पुष्कळ मुले म्हणजे 'बॉइज'. एका मुलाचे म्हणावयाचे तरी 'बॉइज', आणि पुष्कळ मुलांचे म्हणावयाचे तरीही 'बॉइज'. तिन्हींचा उच्चार अगदी एक. मी रेडिओवर घसा कितीही खरवडला, तरी हा फरक तुमच्या कानी पडावयाचा नाही. तो फक्त कागदावर असतो. अक्षराच्या डोक्याशी लटकणारे एक स्वल्पविरामासारखे चिन्ह, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, तेवढे काम करते. ते एस या अक्षराच्या आधी आले तर मालक एक, एसच्या नंतर आले तर मालक अनेक.

ही नुसती पंतोजींची हौस नव्हे. 'भावाची जमीन' आणि 'भावांची जमीन' यांतले टिंब कोणीही शेतकरी नजरेआड करणार नाही. इंग्रजीत लिहिलेल्या करारात त्याच टिंबाचे काम हे चिन्ह करते. ते चुकीच्या बाजूला बसले, तर वाचणाऱ्याला चार भावांची जमीन एकाचीच वाटेल.

इंग्लंडातले एक उदाहरण मोठे बोलके आहे. ऑक्सफर्डला 'क्वीन्स कॉलेज' आहे, केंब्रिजलाही 'क्वीन्स कॉलेज' आहे. उच्चार एकच. ऑक्सफर्डचे कॉलेज १३४१ साली निघाले, ते एका राणीच्या, फिलिपाच्या, नावाने. तेथे चिन्ह एसच्या आधी. केंब्रिजच्या कॉलेजला दोन राण्यांचा आश्रय मिळाला. मार्गारेट ऑफ अँजू हिने १४४८ साली ते स्थापले आणि पुढे १४६५ साली एलिझाबेथ वुडव्हिल हिने त्याची पुन्हा स्थापना केली. म्हणून तेथे चिन्ह एसच्या नंतर.

मग चिन्ह बसवावे कसे? आधी मालकांचे पूर्ण नाव लिहावे. मालक अनेक असतील तर अनेकवचन लिहावे. ते एसने संपले, तर फक्त चिन्ह द्यावे. 'फार्मर्स', 'टीचर्स' यांचे असे होते. 'मेन', 'विमेन', 'चिल्ड्रेन' ही अनेकवचने एसने संपत नाहीत, तेथे आधी चिन्ह आणि मग एस. आणि मालकी नसेल तेथे चिन्ह मुळीच देऊ नये. दुकानाच्या पाटीवर 'टोमॅटोज'ला ते दिसले, तरी पाटी रंगवणाऱ्याचा कित्ता गिरवू नये.

या दोन्ही जागा एकाच वाक्यात भेटतात तेव्हा खरी गंमत येते. 'हेडमास्तरांनी मुलांच्या लवकर जाण्याला हरकत घेतली.' याचे इंग्रजी, 'द हेडमास्टर ऑब्जेक्टेड टु द बॉइज लीव्हिंग अर्ली'. 'ऑब्जेक्ट'चा सोबती 'टु'. हा 'टु' नामाला जोडणारा आहे, म्हणून त्याच्यापुढे 'लीव्ह' येत नाही, 'लीव्हिंग' येते. ओळखण्याची खूण अशी की, त्याच जागी साधे नाम ठेवून पाहावे. 'ऑब्जेक्टेड टु द प्लॅन' म्हणता येते ना? मग पुढचे क्रियापद 'इंग' लावूनच यावयाचे. आता जाणे कोणाचे? मुलांचे. म्हणून काटेकोर लेखनात 'बॉइज'च्या एसनंतर चिन्ह देतात. बोलण्याच्या वळणाने लिहिणारे ते गाळतात, आणि तेही आज चालते. पण मराठीतला 'मुलांच्या'मधला 'च्या' आणि इंग्रजीतले ते चिन्ह एकाच कामाला उभे आहेत, हे मुलांच्या ध्यानी आणून द्या. जी मराठी मघाशी पायात येत होती, तीच येथे हात देते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यासाठी जाड पुस्तक नको, की महागडे साधन नको. आठवड्यातून एकदा पाच वाक्ये उतरवून घ्यायला सांगावीत. प्रत्येक वाक्यापाशी दोन प्रश्न विचारावेत. या क्रियापदाचा सोबती कोण? आणि मालक एक की अनेक? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कानाने मिळणार नाही, वाक्याचा अर्थ पाहूनच द्यावे लागेल. उत्तर आधी मराठीत सांगू द्यावे, मग चिन्ह बसवू द्यावे. पहिल्या आठवड्यात निम्मी वाक्ये चुकली तरी लाल शाई जपून वापरा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुले एकमेकांच्या वह्यांतली चिन्हे स्वतःच तपासू लागतील.