छातीभर पाण्यातली सांगड

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण हरघडी वापरतो. परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड, नोकरी आणि संसार यांची सांगड. मूळची सांगड मात्र पाण्यातली. मोल्सवर्थच्या कोशात तिचे दोन अर्थ सापडतात. एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या, हा एक. आणि पोहताना आधाराला घ्यायची भोपळ्यांची जोडी, हा दुसरा. माझ्या पिढीतल्या अनेकांनी विहिरीत पहिली उडी मारली ती पाठीला असा वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून. माझी आईही माहेरच्या विहिरीत अशीच पोहायला शिकली होती.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी ती मोरीत घसरली. हाड शाबूत राहिले, पण भीती बसली. आधी देवळात जाणे थांबले, मग भाजी आणणे, मग शेजारी बसायला जाणे. वर्षभरात ती भिंत धरून चालू लागली आणि एकच प्रश्न दोनदा विचारू लागली. गुडघ्यांची झीज होतीच. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात चालवा त्यांना." मी गावातल्या एका तरणतलावावर चौकशीला गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारले, "आजींना पोहता येतं का? टेस्ट द्यावी लागेल. आणि साठीच्या पुढच्यांची जबाबदारी आम्ही घेत नाही."

त्या प्रश्नानेच मी वाचायला बसलो. मी ना डॉक्टर, ना शरीरशास्त्राचा पदवीधर. पण जे हाती लागले त्यावरून एवढे नक्की सांगता येते, की त्या खिडकीतला प्रश्नच चुकीचा होता. म्हातारपणी पाण्यात करायचा व्यायाम म्हणजे पोहणे नव्हे. तो पाय तळाला टेकवून, छातीभर पाण्यात, उभ्याने करायचा असतो.

पाणी नेमके काय करते

पहिली गोष्ट आर्किमिडीजची. पाण्यात शिरलेल्या शरीराला प्लावक बल वर उचलते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तर तळपायांवर आपल्या वजनाचा साधारण निम्मा भार येतो, छातीपर्यंत एक तृतीयांश आणि मानेपर्यंत जेमतेम एक दशांश. ६० किलोची बाई छातीभर पाण्यात २० किलोची होते. ज्या गुडघ्याला जिन्याची एक पायरी सोसत नाही, तो इथे अर्धा तास चालू शकतो. गुडघा आणि खुब्याच्या झिजेवरील पाण्यातल्या व्यायामाचा कॉक्रेन आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १३ चाचण्या आणि ११९० माणसे होती. दुखणे आणि हालचालीतली अडचण या दोन्हींत फरक पडतो, पण तो थोडा आणि अल्पकाळापुरता, असा त्याचा निष्कर्ष. आशा किती ठेवायची याचे हे चांगले माप आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या अडसराची. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन. त्यातून पाय पुढे रेटताना स्नायूंना काम पडते आणि वेग दुप्पट केला तर अडसर साधारण चौपट होतो. म्हणजे व्यायाम किती जड करायचा हे करणाऱ्याच्याच हाती. दमले की हळू व्हायचे. अडसर आपोआप कमी होतो.

हाच अडसर आणखी एक मोठे काम करतो. तो पडण्याचा वेग कमी करतो. जमिनीवर तोल गेला तर सावरायला सेकंदाचा काही अंश मिळतो आणि म्हाताऱ्या शरीराला तो पुरत नाही. छातीभर पाण्यात शरीर सावकाश कलते. पाय पुढे टाकायला, हात पसरायला सवड मिळते. तोल जाणे आणि सावरणे यांचा सराव जिथे मोडतोडीविना करता येतो, अशी दुसरी जागा घरात किंवा रस्त्यावर मला सुचत नाही.

तिसरी गोष्ट दाबाची. चार फूट खोलीवर पाण्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरइतका भरतो. निरोगी माणसाच्या रक्तदाबातला खालचा आकडा ८० च्या आसपास असतो, त्याहून थोडा जास्त. त्यामुळे पायांतले रक्त वर छातीकडे ढकलले जाते. मानेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसात असे सुमारे ७०० मिलिलिटर रक्त वर सरकते. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकते, मूत्रपिंडे जास्त लघवी तयार करतात. मेंदूशी पाण्याचे नाते जोडणारा धागा इथूनच सुरू होतो.

चालताना बोलायचे थांबतो तो

त्या धाग्याकडे वळण्याआधी, चालणे आणि विचार करणे यांचा संबंध काय, हे पाहायला हवे. १९९७ मध्ये स्वीडनमधील काही संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटे निरीक्षण छापले. वृद्धनिवासातील, चालू शकणाऱ्या ५८ जणांबरोबर ते चालले आणि चालता चालता गप्पा काढल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढल्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले.

तरुणपणी चालणे बिनबोभाट होते. उतारवयात दृष्टी, कानातली तोलाची यंत्रणा आणि तळपायाची संवेदना, तिन्ही मंदावतात. मग एकेका पावलाकडे लक्ष द्यावे लागते. लक्ष मात्र मोजकेच. ते पावलांनी खाल्ले तर बोलण्याला उरत नाही, बोलण्याला दिले तर पाऊल चुकते. म्हणून पडणे हा केवळ गुडघ्यांचा प्रश्न नाही. आणि पडण्याची भीती ही केवळ भीती नाही. तिच्यामुळे माणूस घरात बसतो, माणसे भेटेनाशी होतात, बोलणे घटते. शारीरिक निष्क्रियता आणि एकटेपणा हे दोन्ही स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे धोके आहेत, असे २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने १४ धोक्यांच्या यादीत नोंदवले आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे.

मेंदूविषयी काय कळले आहे

अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. १२० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर नियमित चालायला लावले, बाकीच्यांना अंग ताणण्याचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांमध्ये स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटात तो वयानुसार घटला. हे चालणे जमिनीवरचे होते.

पाण्याचे काम पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात झाले. तिथे २०१४ आणि २०१५ मध्ये असे दिसले, की छातीभर पाण्यात नुसते उभे राहिल्यानेही मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग वाढतो आणि तेवढ्याच मेहनतीचा व्यायाम जमिनीवर करण्यापेक्षा पाण्यात केला तर तो अधिक वाढतो. हे वाचून मी हरखलो होतो. पण हे प्रयोग मोजक्या, निरोगी माणसांवरचे; आणि त्या घडीला रक्त जास्त वाहणे म्हणजे स्मरण सुधारणे नव्हे. पुढे त्याच विद्यापीठाने वयस्क लोकांचे गट करून २४ आठवडे एकाला जमिनीवर, दुसऱ्याला पाण्यात चालवले. दोन्ही गटांचा दमसास वाढला आणि तो जवळपास सारखाच. म्हणजे पाण्यात जादू नाही. ज्याला बागेत रोज झपझप चालता येते, त्याने खुशाल बागेतच चालावे. पाणी आहे ते ज्याला बागेत चालता येत नाही त्याच्यासाठी.

जपानमधला एक अभ्यास मला सर्वांत कामाचा वाटला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अवघे २१ वृद्ध होते. एका गटाने पाण्यात नेहमीचा व्यायाम केला; दुसऱ्याने व्यायाम करताना डोके चालवायची कामेही केली. लक्ष आणि स्मरण यांतली सुधारणा दुसऱ्या गटात अधिक दिसली. २१ माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण दिशा कळते. पाय आणि डोके यांची सांगड घालायची, आणि ती जिथे चुकले तरी चालते अशा जागी घालायची.

करायचे कसे

यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. कठड्यालगत पुढे, मागे आणि आडवे चालायचे. मग त्यावर डोक्याचे काम चढवायचे. पाठ असलेले म्हणणे इथे उपयोगाचे नाही. आईला पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे. ती म्हणताना तिचे पाऊल जराही अडखळत नाही, कारण लक्ष लागतच नाही. शंभरातून तीन-तीन वजा करत चालायला सांगितले की ती थबकते. म्हणजे व्यायाम तिथे सुरू झाला. गाण्याच्या भेंड्या उत्तम. चेंडू झेलताना एकेका भाजीचे नाव घेणे, टाळी वाजली की दिशा बदलणे, ही आणखी काही.

आधाराचाही विचार आहे. १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेत अपंग मुलींना जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने पाण्यात वावरायला शिकवले. त्यातून हॅलिविक पद्धत निघाली. तिच्यात तरंगायचे फुगे वापरत नाहीत. प्रत्येकाबरोबर एक माणूस असतो. आणि पहिला धडा हातपाय मारण्याचा नसून पाण्याशी मन जुळवण्याचा असतो. भोपळ्याच्या जागी माणूस आला, एवढेच.

काही पथ्ये कडक आहेत. हृदय कमजोर असेल, आकडी येत असेल, उघडी जखम असेल किंवा लघवीवर ताबा नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. छातीवरच्या दाबाने श्वास थोडा जड होतो. बाहेर येताना पाण्याचा दाब एकदम निघतो आणि चक्कर येऊ शकते, म्हणून पायऱ्यांवर थांबत, कठडा धरून यावे. पूर्वी पोहता येत होते म्हणून खोल पाण्यात जाऊ नये. स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी मेंदूत विद्युत उपकरण बसवलेल्या ९ पार्किन्सन रुग्णांची नोंद केली आहे. उत्तम पोहणारी ही माणसे उपकरण बसवल्यावर पोहणेच विसरली होती. शिवाय पाण्यात हाडांवर भार कमी येतो, म्हणून हाडांसाठी आणि जिन्याच्या सरावासाठी जमिनीवरचे थोडे चालणे सुटता कामा नये.

खिडकीतला प्रश्न

आपल्याकडे तलाव बांधले गेले ते पोहणाऱ्यांसाठी. उथळ भाग असला तर तो मुलांच्या शिबिरांना दिलेला. उतरायला उभी लोखंडी शिडी, जिच्यावर दुखरा गुडघा वाकत नाही. उपचारासाठी पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असावे लागते. आपले सकाळचे पाणी त्याहून पुष्कळ गार. पोहण्याचा पोशाख सक्तीचा, आणि सत्तरीची बाई तिथेच परत फिरते. यातले बरेचसे पैशांविना सुटण्यासारखे आहे. भर दुपारी तलाव रिकामे असतात आणि पाणी त्यातल्या त्यात कोमट असते. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस एक तास उथळ भाग ज्येष्ठांना द्यावा, अंगभर पोशाख चालू द्यावा, शिडीशेजारी कठड्याच्या रुंद पायऱ्या ठेवाव्यात आणि पोहण्याच्या परीक्षेची अट काढावी. जीवरक्षक मात्र हवाच.

आईची सोय अखेर एका नातेवाइकांच्या सोसायटीतल्या चार फुटी तलावात झाली. पहिले आठ दिवस तिने माझे मनगट सोडले नाही. आता ती कठडाही सोडून चालते, पाण्यात आणि घरातही. एकच प्रश्न ती अजून दोनदा विचारते. त्यात फरक पडल्याचे मी म्हणणार नाही. परवा ती कोपऱ्यावरून एकटी जाऊन मेथीची जुडी घेऊन आली. दोन रुपये जास्त दिले म्हणून स्वतःवरच चिडली होती.