एच-४ वरचा संसार

सांगलीत सहकारी बँकेचा कर्जविभाग मी सांभाळायचे. लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला आले, ती ‘एच-४’ व्हिसावर. एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला हा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण मुळात कमावता येत नाही. मे २०१५ पासून जोडीदाराचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर असेल, तर कामाचा परवाना मागता येतो. आमचा तो टप्पा तेव्हा दूर होता.

एडिसनच्या ओक ट्री रोडवर मेथी मिळते, गणपतीची मूर्तीसुद्धा मिळते. तिथे मला कधी परकं वाटलं नाही. परकं वाटायचं ते घरात, आईला साडीसाठी पैसे पाठवताना. ‘‘अहो, पाठवू ना?’’ ते कधीच नाही म्हणाले नाहीत. पण विचारावं लागणं जिव्हारी लागायचं.

रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांवर थांबतो. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही आणि बायकांची उमेदीची वर्षं त्यातच जातात. हा अन्यायच आहे.

मुलीसाठी अमेरिकेतलं स्थळ बघताय? मुलाच्या पगाराआधी एवढं विचारा: तिला तिथे काम करता येईल का, आणि कधीपासून?